मोटारसायकलला चाळण

मेकॅनिकचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. गाडी होऊन जाईल म्हणाला. फक्त रेडिएटरपुढची ती जुनाट जाळी तो काढून फेकणार होता. आता म्हणे तयार जाळ्या मिळतात, काळ्या रंगाच्या, हलक्या, दिसायलाही बऱ्या. मी म्हटलं, त्या जाळीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. त्याने काही बोलायच्या आत फोन ठेवला, ओली चादर तशीच बादलीत कोंबली आणि पायात चपला अडकवून निघाले.

माझा राग नाकावर असतो हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. असू दे. गाडी ताईची, जाळी बाबांची आणि भांडायला मी, हे आमच्या घरात आधीपासूनच ठरलेलं आहे. ताई गप्प बसायची, बाबा फुशारकी मारायचे, आई हसायची, मग भांडायचं काम उरायचं ते माझ्या वाट्याला यायचं.

त्या मेकॅनिकला आम्ही पहिल्यापासून 'होऊन जाईल' म्हणतो. गाडीचा ब्रेक लागत नसो, नाहीतर अख्खं इंजिन त्याच्या फरशीवर सुटं पडलेलं असो, विचारलं की त्याचं उत्तर एकच. तेव्हा त्याच्या डोक्यावर काळे कुरळे केस होते आणि आता टोपी आहे, एवढाच काय तो फरक. त्याच्या गॅरेजपर्यंत चालत जायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात माझा राग निवला आणि जुनं सगळं आठवायला लागलं.

आमचा चाळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा आपला मान ठेवायला, खरं तर घरामागची एक लांबट खोली. एका भिंतीला तार विणायचा माग, खिडकीखाली कडा वळायचं टेबल, कोपऱ्यात तारेच्या गुंडाळ्या. खोलीला तेलाचा आणि पितळेचा वास होता. तो आमच्या केसांना यायचा, वह्यांना यायचा, शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. बाबा जाळी विणायचे, आई तपासायची, ताई आणि मी लाकडी कड्यावर जाळी ताणून बारीक खिळे ठोकायचो. मला तो वास तेव्हा नकोसा व्हायचा. आता कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात अचानक आला तर मी उगाच दोन मिनिटं तिथे घुटमळते.

बाबांचा सगळा जीव बारीक जाळीत. मैद्याची चाळण हा त्यांचा हातखंडा. "माझ्या जाळीतून मैदासुद्धा विचारून खाली उतरतो," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक हसलं की आणखी रंगात यायचे. वाळूची किंवा खडीची चाळण मागायला कोणी आलं तर मात्र तोंड वाकडं. ते पिंजरे बनवायचं काम, आमच्याकडे होत नाही, पलीकडच्या गल्लीत विचारा. पलीकडच्या गल्लीतला माणूस त्यांच्यापेक्षा जास्त माल विकायचा, पण ते आम्ही त्यांच्यासमोर बोलायचो नाही.

आमच्याकडे एक रीत होती. चाळण कोणतीही असो, फुंकल्याशिवाय दाराबाहेर जायची नाही. विणताना जाळीची घरं, म्हणजे भोकं, दबलेली असली, तारेवरचं तेल तसंच राहिलेलं असलं, तर जाळी डोळ्यांना छान दिसते पण हवा अडवते. म्हणून आई चाळण तोंडापाशी धरायची आणि बाबा पलीकडून तळहात धरायचे. तळहात पाण्याने ओला केलेला, म्हणजे जरा झुळूक लागली तरी गार वाटतं. आई एका जागी फुंकर मारायची आणि विचारायची, "आली?" बाबा म्हणायचे, "आली." मग पुढची जागा. मधे कुठे "नाही" आलं की ती चाळण पुन्हा घासायची, पुन्हा फुंकायची. आईबाबा भांडून अबोला धरून बसलेले असले तरी हे दोन शब्द चालू राहायचे, आणि बरेचदा अबोला तिथेच सुटायचा.

ताई कामात वाईट नव्हती, पण तिला त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. तिला वेगळंच काम मिळालं. डोंगराकडच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि मोटारसायकलवरून शहरातल्या लॅबमध्ये वेळेत पोचवायचे. मोटारसायकल तिने जुनीच घेतली. तिचं इंजिन पाण्यावर थंड होणारं. म्हणजे इंजिनापुढे, पुढच्या चाकाच्या बरोबर मागे, एक रेडिएटर असतो. त्यातून पाणी फिरतं आणि समोरून येणारा वारा त्या पाण्याला गार करतो. रेडिएटरच्या पाकळ्या कागदासारख्या पातळ, आणि पुढचं चाक जे काही उडवेल ते सरळ त्यांच्यावर. हे कोणी बनवलं त्याला मी बरेचदा मनातून शिव्या घातल्या आहेत.

ताईचा रस्ता दगडाच्या खाणीवरून जायचा. डंपर भरभरून खडी नेत आणि जाताना निम्मी रस्त्यावर सांडत. एका सकाळी ती एका डंपरच्या मागे असताना टणकन आवाज झाला, आणि थोड्याच वेळात तिचे बूट हिरव्या पाण्याने भिजले. दगड रेडिएटरमध्ये घुसून बसला होता. तिने गाडी ढकलत जवळच्या वस्तीपर्यंत आणली, पण नमुने लॅबमध्ये पोचेपर्यंत बर्फ वितळून गेला होता. सगळे फुकट. त्या सगळ्या लोकांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. त्यांत एक म्हातारी होती, तिची शीर सापडता सापडत नसे. ताईला सगळ्यात जास्त तेच लागलं.

लॅबचा मॅनेजर ओरडला वगैरे नाही. त्याने शांतपणे सांगितलं की गाडी पुन्हा वाटेत बंद पडली तर ही फेरी व्हॅनवाल्याला द्यावी लागेल. ताईने घरी येऊन आम्हाला हे सांगितलं आणि जेवली नाही. त्या फेरीवर तिचा जीव होता. दवाखान्यांत लोक तिच्या गाडीच्या आवाजावर उठून बाहेर यायचे, तिच्यासाठी चहा झाकून ठेवायचे. घरात ती शांत, पडेल ते काम करणारी मोठी मुलगी होती. त्या रस्त्यावर ती कोणीतरी होती, आणि ते आता जाणार अशी वेळ आली होती.

होऊन जाईलने दुसऱ्या कुठल्या गाडीचा रेडिएटर काढून तिच्या गाडीला बसवला. जुन्यात घुसलेला दगड पकडीने उपटून तिच्या हातावर ठेवला. ताईने तो जॅकेटच्या खिशात टाकला आणि तो तिथेच राहिला. मग होऊन जाईल बाबांकडे बघून म्हणाला की नुसता रेडिएटर बदलून काही उपयोग नाही, पुढे जाळी हवी, नाहीतर हाही असाच जाईल. त्या गाडीसाठी तयार जाळी तेव्हा मिळत नव्हती.

जाळी म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला अजून दिसतं. मुलगी खोली सोडून गेली, वाऱ्यावर पळाली, आणि शेवटी तिला लागली ती जाळीच. ते मेकॅनिकला म्हणाले, तू फक्त माप दे.

आई तेव्हा घरी नव्हती. मावशीचा पाय मोडला होता म्हणून तिच्याकडे राहायला गेली होती. बाबांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि आम्हाला सांगितलं की विणून होईपर्यंत कोणी आत यायचं नाही. संध्याकाळी बाहेर आले ते जाळी घेऊनच. मी आयुष्यात इतकी देखणी जाळी पाहिली नव्हती. पिवळीधमक, मैद्याच्या चाळणीची, रेशमासारखी. एक पदर दगडाने फाटेल म्हणून दोन पदर एकावर एक घातलेले, आणि चारी बाजूंनी पत्र्याची कड. गाडीवर बसवली तर गाडी नवीन दिसायला लागली. दगड सोडा, आता धूळसुद्धा आत जाणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं आणि आम्ही दोघी जाळीवरून हात फिरवत माना हलवत राहिलो.

आता कोणी म्हणेल, एवढं कसं कळलं नाही? नाही कळलं. चाळणीवाल्यांचं घर ते, अडवायचं काय तेवढंच बघणार. त्या पाण्याला वारा लागतो, तो वारा याच वाटेने येणार, हे त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. जाळी जितकी बारीक तितकी चांगली, हे आम्ही भाताबरोबर गिळलेलं होतं. मला एकच गोष्ट जरा खटकली. मी नंतर खोलीत गेले तेव्हा मागावर मध्यम जाडीच्या जाळीच्या तारा लावलेल्या होत्या, आदल्या आठवड्यात होत्या तशाच. पण बाबा इतके खुश होते की मी विचारलं नाही.

सकाळच्या गारव्यात, सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. मग डोंगराचा चढ लागला. लाल दिवा पेटला आणि थोड्या वेळात इंजिनामधून वाफ यायला लागली. ताई रस्त्याच्या कडेला गाडी लावून ती थंड व्हायची वाट बघत बसली. प्यायचं पाणी होतं ते रेडिएटरमध्ये ओतलं, आणि कशीबशी, जीव मुठीत धरून लॅबमध्ये वेळेवर पोचली. मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि तिच्याकडे बघितलं. 

बाबांनी निदान केलं की पंप गेला. होऊन जाईलने पंप उघडला, पाइप बदलला, झाडून सगळं तपासलं. सगळं ठणठणीत. तो ताईला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की जाळी काढून एकदा चालवून बघ. ताई म्हणाली, तूच सांग बाबांना. त्याने बाबांकडे पाहिलं. ते अंगणात उभे राहून शेजाऱ्याला जाळी दाखवत होते. होऊन जाईल खाली वाकला आणि आधीच घट्ट असलेला एक बोल्ट पिळायला लागला.

त्यानंतर मात्र गाडी तापली नाही. बाबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांना सांगितलं की बघा, पंपच होता. रोज सकाळी ताई निघाली की ते फाटकापर्यंत जायचे आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहायचे. मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला.

रविवारी मी गाडी धुवायला घेतली. चिखल मडगार्डवर होता, नळ्यांवर होता, इंजिनाला किडे चिकटलेले होते. जाळीवर काही नाही. एक माशीसुद्धा नाही. मी ताईचं जॅकेट चाचपलं तर एका खिशात तो दगड आणि दुसऱ्यात पाना. मग मी तिला धरलीच. तिने सांगितलं की गावाबाहेरच्या पुलापलीकडे गेल्यावर ती जाळी काढते, टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवते, आणि परत येताना पुलाजवळ पुन्हा बसवते.

मी भयंकर चिडले. म्हणजे सगळा रस्ता, खाणीसकट, रेडिएटर उघडा टाकून. एक खडा लागला की सगळं संपलं. मी विचारलं, आणि दगड? ती म्हणाली, चुकवते. दगड चुकवते म्हणे.

"गाडी निघताना बाबांचा चेहरा बघितला आहेस ना?" ताई म्हणाली. "फेरी गेली तर गेली. जाळीचं हे मला त्यांना नाही सांगता येत."

मी म्हटलं, तुला नाही येत तर मला येतं, आणि तडक मागच्या खोलीकडे गेले. बाबा मागापाशी बसले होते. एक तार नाकाजवळ धरून ते ती मागाच्या फणीतून ओवायचा प्रयत्न करत होते. चुकली, काढली, पुन्हा ओवली, पुन्हा चुकली. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलंही नाही.  मी तशीच मागे फिरले.

दोन दिवसांनी आई परत आली. रिक्षातून उतरली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि अंगणातली गाडी बघून थांबली. पुढे होऊन तिने जाळीवर बोट ठेवलं, नखाने दोन पदर जरा वेगळे केले. मग बाबांकडे वळून म्हणाली, "ही तर दाखवायची जाळी."

आमच्या खोलीत वरच्या फळीवर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक जाळी असायची. बाबांनी ऐन उमेदीत विणलेली, त्यांच्या हातून झालेली सगळ्यात बारीक. मोठं गिऱ्हाईक आलं की ती उलगडून दाखवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. विकायची नाही, कापायची तर मुळीच नाही. आईने लग्नानंतर फुंकलेली पहिली जाळी ती. आम्हा मुलींना तिला हात लावायची बंदी होती, म्हणून आम्ही ती कधी जवळून पाहिलीच नव्हती.

बाबा म्हणाले, छे, ही नवीन विणली आहे. आईने वाद घातला नाही. तिने फक्त विचारलं की फुंकली का. बाबा म्हणाले, विकायची थोडीच आहे, घरातलीच तर आहे.

"दाराबाहेर जाते ना?" आई म्हणाली.

 ताईने निमूटपणे खिशातून पाना काढला आणि जाळी सोडवली. बाबांनी नळाखाली हात ओला केला. आईने जाळी तोंडापाशी धरली, बाबांनी पलीकडे, जाळीपासून रेडिएटर जेवढा लांब असतो तेवढ्या अंतरावर तळहात धरला. आईने फुंकर मारली.

"आली?"

बाबांनी तळहात जरा जवळ आणला. आईने गाल फुगवून पुन्हा फुंकर मारली, तिचा चेहरा लाल झाला. "आली?"

मला आठवतं, मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, आली म्हणा, संपवा एकदाचं. त्यांना खोटं बोलणं काही अवघड नव्हतं. गिऱ्हाइकापुढे ते थापांवर थापा ठोकायचे. पण ओल्या हाताने ते कधी खोटं बोलले नव्हते.

"नाही," बाबा म्हणाले.

तेव्हा ताईने पुलाचं सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत, पंपाचं नावही काढलं नाही. ओला हात धोतराला, नाही, पँटला पुसत खाली पायरीवर बसले. आई हलक्या आवाजात म्हणाली की मग दुसरी विणा, त्यात काय एवढं. बाबांनी मान हलवली.

"बारीक मला दिसत नाही आता," ते म्हणाले. "दोन तारा एक दिसतात. बरेच दिवस झाले."

एकदम सगळा उलगडा झाला. मैद्याच्या चाळणीचं काम आलं की ते म्हणायचे, सध्या तार चांगली येत नाही. ते गिऱ्हाइकाला पुढची तारीख द्यायचे आणि मग तीही पुढे ढकलायचे. आणि लेकीवर वेळ आली तेव्हा फळीवरून ती जाळी काढून त्यांनी कातरी चालवली होती. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम, ते पुन्हा कधी होणार नाही हे पक्कं माहीत असताना. मला रडू आवरलं नाही. ताई तर आधीपासूनच रडत होती.

आई तेवढी रडली नाही. कमरेला पदर खोचून म्हणाली, "बारीक मागितली कोणी? तुमच्या लेकीला खडीची हवी आहे."

"खडीची?" बाबांनी असं विचारलं, की जणू त्यांना कोणी चोरी करायला सांगितलं होतं.

खडीचीच, आई म्हणाली. दगड अडला पाहिजे आणि वारा गेला पाहिजे, यात पिंजऱ्याशिवाय दुसरं काय चालणार? आणि तुम्हाला जमत नसेल तर पलीकडच्या गल्लीत विचारून येते. एवढं म्हटल्यावर बाबा उठले.

त्यांनी ताईकडून तो दगड मागून घेतला. डोळे मिटून कितीतरी वेळ बोटांत फिरवला. मग जाड तारेची गुंडाळी काढायला लावली. ती तार आमच्याकडे चाळणीचे दांडे बांधायलाच असायची. मी तार सरळ करून देत होते, ताई टोकं धरत होती, आणि बाबा विणत होते. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, पण ते मागाकडे बघतच नव्हते, मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत होते. एकेक घर झालं की त्यात करंगळीचं टोक घालायचे. करंगळी अडली की पुढचं. दगड करंगळीपेक्षा जाड होता.

"हे बोटांना दिसतं," ते एकदा म्हणाले, आणि मग गुणगुणायला लागले. मागावर बसून त्यांनी गुणगुणणं कधी सोडलं होतं ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

जाळी रेडिएटरला चिकटू नये, नाहीतर दगडाचा दणका तसाच आत जाईल, म्हणून मागे रबराचे जाड वॉशर घातले. मग फुंकणं झालं. एवढ्या मोठ्या घरांतून मांजराचं पिल्लू बाहेर आलं असतं, तरी आई प्रत्येक घरावर फुंकर मारत गेली आणि प्रत्येक वेळी विचारत गेली. बाबाही प्रत्येक वेळी म्हणत गेले. आली. आली. आम्ही दोघी हसायला लागलो, पण त्यांचं चालूच.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली आणि बाबा फाटकापाशी आले नाहीत. खोलीतच बसून राहिले. ताई परत आली तेव्हा दिवस मावळायचा होता. तिने हेल्मेट काढायच्या आधीच मान हलवून सांगितलं की गाडी तापली नाही. बाबा पुढे आले आणि गाडीसमोर उकिडवे बसून जाळीवरून बोटं फिरवायला लागले, वरून खाली, एकेक घर. खालच्या ओळीत ते थांबले. एका घरात एक खडा घट्ट रुतून बसला होता. धारदार, पहिल्यापेक्षा मोठा. ताईला तो लागल्याचा पत्ताही नव्हता. बाबांनी तो हलवून हलवून काढला, तळहातावर घेतला आणि मोठ्याने हसले. तो खडा खिडकीत ठेवला गेला. पुढे त्या खिडकीत खड्यांची अशी रांग लागली की आईला केर काढताना वैताग यायचा.

ताईची फेरी टिकली. पुढे कितीतरी वर्षं तिने ती केली, ती शीर न सापडणारी म्हातारी वारली त्या दिवशीसुद्धा ती त्याच वाटेवर होती. बाबांनी मैद्याची चाळण बंद केली आणि ज्याला जन्मभर नाक मुरडलं ते पिंजऱ्याचं काम शेवटपर्यंत केलं. होऊन जाईल त्यांच्याकडे गाड्या पाठवायचा. अखेरीला त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, तरी आई फुंकर मारायची आणि ते ओला तळहात धरून बसायचे. आई आधी गेली. त्यानंतर त्यांनी विणलं नाही. आम्ही म्हणायचो, बाबा, आम्ही फुंकतो की. ते म्हणायचे, राहू दे.

गॅरेजमध्ये पोचले तर ताई माझ्या आधीच येऊन स्टुलावर बसली होती. मी फोन आपटल्यावर त्याने तिला बोलावलं असणार. गुडघ्यांमुळे तिने ही गाडी मधे बरीच वर्षं सोडली होती. आता ती पुन्हा चालवायची म्हणत होती, त्याच रस्त्याने, नुसती फिरायला. जाळी टेबलावर होती. गंजलेली, एका कोपऱ्याची पट्टी तुटलेली, घराघरांत वाळलेली माती.

मी भांडायच्या तयारीने आले होते, पण त्या माणसाचं म्हणणं काही चूक नव्हतं. तो म्हणाला की पट्टी नवीन लावता येईल, ते होऊन जाईल, पण गंजाने आणि मातीने घरं बुजली आहेत. हवा गेली नाही तर गाडी चढावर तापणार, आणि ताई आता रस्त्यात गाडी ढकलायच्या वयाची नाही. मी ताईकडे पाहिलं. 

मी त्याच्याकडून रॉकेल आणि ब्रश मागून घेतला आणि जाळी घासायला बसले. एकेक घर, वरून खाली. हात काळे झाले, साडीला डाग पडले. घासता घासता एका घरात माझी करंगळी घालून बघितली. अडली. बाबांची माझ्यापेक्षा जाड होती, पण म्हातारपणी माझीही फुगली आहे.

पाण्याचा आवाज आला म्हणून वर पाहिलं तर ताई नळाखाली हात धरून उभी होती. हात झटकला नाही, तसाच ओला घेऊन आली आणि माझ्यासमोर तळहात धरला.  मी जाळी तोंडापाशी धरली. रॉकेलचा वास होता आणि त्याखाली कुठेतरी, मला वाटलं, आमच्या खोलीचा. मी फुंकर मारली.

"आली?"

ताईने डोळे मिटले होते. "आली," ती म्हणाली.

होऊन जाईल टोपी मागे सारून पट्टी शोधायला आत गेला. मी जाळी खाली ठेवायला निघाले, पण ताईने हात काढला नव्हता.

"पुन्हा फुंक," ती म्हणाली.